शनिवारचं लोखंड

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मी स्वतःच्या हातानं केलेल्या गोष्टी —

१. सुट्या भागांचं रजिस्टर, कॉम्प्युटरवर. ६,२१४ भाग. प्रत्येकाला नंबर, खण, फळी. (२००४)

२. सहालगचं कोष्टक. लग्नसराईत गावोगावचे मिस्त्री वरातीत असतात, दुरुस्तीला कोणी मिळत नाही. म्हणून तयार पंप जास्त जातात, सुटे भाग कमी. दर वर्षी पंचांग उघडून तारखा भरतो. (२००८)

३. कालव्याचं कोष्टक. कोणत्या तहसिलीत पाणी कधी सुटतं आणि त्यानंतर कितव्या दिवशी पंपाच्या भागांची मागणी चढते. उत्तर — नवव्या! सात वर्षं टिपणं ठेवली तेव्हा हा नऊ मिळाला. (२०१०)

४. वरच्या दोन्हींवरून पुढच्या पंधरा दिवसांची मागणी सांगणारा प्रोग्राम. भाषा पायथन. पुस्तक सीपरी बाज़ारातलं, जुनं, पान ८१ ते ९६ गायब. ती पानं स्वतःच्या डोक्यानं भरून काढली. तेव्हा वय चव्वेचाळीस. (२०१७)

५. झाँसी डेपोचा सगळा डेटा हेड ऑफिसला पोचवणारा पूल. चार वर्षं सात महिने. एक दिवसही बंद पडला नाही. (२०२१)

६. बारकोडच्या बंदुकीचं लाकडी स्टँड. हे कॉम्प्युटरचं काम नव्हे, पण तेही मीच केलं.

हेड ऑफिसचा फॉर्म आलाय — ‘डेपोत स्थानिक पातळीवर बनवलेली साधनं’. एका चौकटीत साठ अक्षरं. साठ अक्षरांत कालवा मावतो? तिथे चार ओळी भरल्या. इथे पुरं लिहिलं.

बी.कॉम.चं दुसरं वर्ष सोडलेला माणूस आहे मी. हेही त्या फॉर्ममध्ये एका चौकटीत विचारलं होतं. भरलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पूल चार वर्षं आठ महिने. काल एक महिना कमी लिहिला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज आढावा होता. बत्तीस डेपो एका पडद्यावर, बत्तीस छोटी तोंडं. कंपनी पंप आणि इंजिनांची, अकरा राज्यांत पसरलेली, आणि ऑगस्टपासून सगळा डेटा आभा मॅडमच्या हातात. गुरुग्रामला बसतात. चेअरमनसाहेब आता त्यांचा पडदा बघितल्याशिवाय गाडीसुद्धा बदलत नाहीत, असं आमचे मॅनेजर सक्सेना जी म्हणतात. त्या बोलायला लागल्या की बाकीची एकतीस तोंडं हलायची थांबतात.

पहिलंच चित्र — मागणी नोंदल्यापासून माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत किती तास. कंपनीची सरासरी अकरा. झाँसी बावीस. बत्तीसात एकतिसावे! आमच्या खाली फक्त एक डेपो, आणि तिथे जुलैत पूर शिरला होता.

दुसरं चित्र लाल. झाँसीचा सगळा माल आणि काम कानपूरला जोडायचं. इथे चार माणसं आणि एक पिकअप ठेवायची. निर्णय १२ डिसेंबरला.

आम्ही तेवीस आहोत. पॅकिंगच्या यमुनाबाईंना निवृत्तीला चार वर्षं आहेत. शेतकऱ्याचं तर बोलूच नये. गव्हाला पहिलं पाणी एकविसाव्या दिवशी लागतं, त्या दिवशी पंप बंद पडला आणि सील कानपूरहून यायचं असलं म्हणजे झालंच.

शेवटी आभा मॅडम म्हणाल्या, “एक बात समझ में नहीं आती, सक्सेना जी। पिछले साल पचास शनिवार आपका काउंटर खुला था। पचास के पचास शून्य? किसी ने एक बोल्ट भी नहीं लिया?”

सक्सेना जी — “मैडम, इधर शनिवार को लोहा नहीं खरीदते।”

पडद्यावर हशा. मॅडम हसल्या नाहीत.

“तो फिर शनिवार को खोलते क्यों हैं?”

उत्तर मला माहीत होतं. माझा माइक बंद होता. उघडला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज काउंटरवर स्वतः उभा राहिलो. बघू म्हटलं शून्य कसं असतं ते!

सव्वादहापर्यंत अकरा माणसं. मऊरानीपुरचे रामसेवक कुशवाहा — वीस वर्षांपासूनचे डीलर, आवाज पंपापेक्षा मोठा — आत येण्याआधीच ओरडले, “लघाटे जी, परची दै दो, बिल सोमवार खों! सनीचर के दिना लोहा मोल नईं लेने!”

हे काय आजचं आहे? शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, ही इथली रीत. आमच्याही घरी शनिवारी लोखंड येत नाही, तेलही नाही. पण पंप बिघडायला वार बघत नाही, आणि मिस्त्री मोकळा असतो रविवारी. म्हणून शनिवारी सगळ्यात जास्त गर्दी. माल आम्ही हातानं लिहिलेल्या चलानावर देतो — नाव, गाव, भाग, वेळ. बिल सोमवारी. विकत घेणं सोमवारी झालं, शनिवारी नुसतं नेलं. सगळ्यांचं मन शांत.

आज ४६ चलानं. प्रत्येकावर वेळ मिनिटासकट. वेळ लिहायची पद्धत माझी, २०११ पासून. कुशवाहांनी ९:५८ ला अॅपवर मागणी नोंदवली, १०:१९ ला माल हातात. एकवीस मिनिटं!

पाच वाजता पडदा उघडला. झाँसी, शनिवार — ०.

आणि कुशवाहांची मागणी तिथे अजून लटकलेली. सोमवारी बिल फाटेल तेव्हा ती मिटेल. म्हणजे सत्तेचाळीस तास. असा होतो आमचा बावीस!

काचेच्या बिल्डिंगीत बसून ही पोरं झाँसीला नंबर देतात. एकदा येऊन बघा म्हणावं.

९ नोव्हेंबर, रविवार

इराचा फोन. ती नोएडाला एका बँकेत हेच काम करते, आकड्यांचं. तिला सगळं सांगितलं, जरा जोरातच. मराठी तिला कळतं पुरतं, बोलते मात्र आपलं मिसळून.

“बाबा, ते चलान का डेटा हेड ऑफिसला जातं ना?”

म्हटलं, चलान कच्चा कागद असतो.

“पर टाइम तो उसी पे है ना, बाबा?”

आणि लगेच जेवलात का, असं विचारलं. आईवर गेलीय. जिथे बोलायला पाहिजे तिथे गप्प बसते.

फोन ठेवल्यावर प्रमोदिनी म्हणाली, “एखादं वर्ष तिच्याजवळ राहायला मिळालं असतं तर.” हे ती महिन्यातून एकदा म्हणते. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

२०२१ ची फाइल काढली. पूल बांधायच्या आधी हेड ऑफिसनं प्रत्येक डेपोकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती.

प्रश्न १७ — बिलाशिवाय इतर कोणत्या कागदावर माल बाहेर जातो का?

उत्तर — नाही.

अक्षर माझं. खाली सही माझी. तारीख ६ फेब्रुवारी २०२१.

कॅलेंडर बघितलं. शनिवार! त्या दिवसाचं चलानबुक शोधून मोजली. ३८.

११ नोव्हेंबर, मंगळवार

का लिहिलं ‘नाही’, ते मला चांगलं आठवतं.

चलान म्हणजे काय? ऑइलचे डाग, खाडाखोड, गिऱ्हाइकाची नावं अर्धी, भागांची नावं भलतीच. ते टेबलात घातलं असतं तर रिकामे रकाने राहिले असते, चुका दिसल्या असत्या. मला एकही चूक नसलेलं टेबल पाठवायचं होतं. पाठवलं. २०२२ साली बत्तीस डेपोंत सगळ्यात शुद्ध डेटा म्हणून सर्टिफिकेट आलं. काचेत बसवून खुर्चीच्या मागे लावलं. खिळा मीच ठोकला, पातळी लावून.

त्या पडद्यावरचं शून्य त्यांचं नाही. मी पाठवलंय ते.

तीन दिवस ज्यांना पोरं-पोरं म्हणत होतो त्यांनी विचारलं होतं. सरळ प्रश्न विचारला होता, नंबर सतरा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सक्सेना जींना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी.

“अरे लघाटे जी, ये कहने की क्या ज़रूरत है? कह दो सिस्टम में गड़बड़ थी। सिस्टम की कौन सी नाक कटती है!”

मग जरा थांबून, “आपकी अट्ठाईस साल की इज़्ज़त है यहाँ।”

एकोणतीस. पण दुरुस्त केलं नाही.

खरं सांगायचं तर दुपारभर मी तसंच लिहून बघितलं. ‘तांत्रिक कारणामुळे चलानाची नोंद पोचू शकली नाही.’ वाक्य छान जमलं होतं. पूल माझा. पूल पडला असं मीच लिहायचं! एक दिवस न पडलेला पूल!

खोडलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

नुसतं ‘माझी चूक’ म्हणून भागत नाही, आकडे द्यायला पाहिजेत. गेल्या वर्षभराच्या पन्नास शनिवारांची चलानबुकं काल घरी आणली. दोन पोती. ओरछा गेटच्या उतारावर रिक्षावाल्यानं विचारलं, “बाबूजी, रद्दी कितने में दोगे?”

सकाळी आठपासून बसलो. प्रमोदिनी वाचते, मी भरतो. नाव, भाग, अॅपवरची मागणीची वेळ शेजारी, चलानाची वेळ.

“अहो, ‘कुशवाहा वाला बड़ा’ — हा काय भाग झाला?”

“फुट व्हॉल्व, चार इंची.”

“आणि ‘वही पिछला वाला’?”

“कोणाचं आहे?”

“समथरचे कोणी यादव.”

“सील. बत्तीस मिलिमीटर.”

तिनं चष्म्यावरून बघितलं. “लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त चुकीचा छापून आणला होतात तुम्ही. माझे मामा मांडवात दोन तास आधी येऊन बसले. आणि इथे दहा एकतीस, दहा चौतीस!”

मुहूर्त छापखान्यानं चुकवला होता. हे मी तिला सव्वीस वर्षं सांगतोय.

आज ३१२ झाली. पोहे दोनदा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

७४०. प्रमोदिनीचा घसा बसलाय. आता ती बोटानं दाखवते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संपली. २,१४७ चलानं. वाचता न आलेली सहा. ती वेगळी ठेवलीत. गाळली नाहीत.

शनिवारी मागणीपासून माल हातात पडेपर्यंत सरासरी चोवीस मिनिटं. हे धरून झाँसीची वर्षाची सरासरी सात तास. बावीस नाही, सात! बत्तीस डेपोंत चौथे!

तिसरा डेपो सहा तास पन्नास मिनिटांचा. दहा मिनिटं! शोधून काढलं — दीड ते दोन आपण जेवायला काउंटर बंद ठेवतो. दोघांनी आळीपाळीनं जेवलं तर तिसरे येऊ. सक्सेना जींना सांगितलं. ते म्हणाले, “पहले डेपो तो बचने दो महाराज!”

प्रमोदिनीला चौथा नंबर सांगितला. “बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा आला नव्हता ना एवढा वर?” म्हणाली. पण मग शेजारच्यांना भिंतीवरून सांगताना ऐकलं मी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आभा मॅडमना मेल. हिंदीत लिहिली, इंग्रजीत माझी वाक्यं जास्त नम्र होतात.

लिहिलं की — प्रश्न १७ चं उत्तर चुकीचं आहे. ते मी लिहिलं, जाणून लिहिलं. तेव्हाच्या किंवा आताच्या मॅनेजरचा संबंध नाही. पूल बरोबर चालतो. जे मी त्यात घातलं नाही ते त्यानं पोचवलं नाही. सोबत २,१४७ चलानांचं कोष्टक, मूळ कागद डेपोत. २०२२ चं सर्टिफिकेट परत घ्यावं.

१०:०५ ला पाठवली. मग सर्टिफिकेट भिंतीवरून काढलं. मागचा रंग तेवढा ताजा राहिलाय, चौकोनी.

सक्सेना जी आले, भिंत बघितली, बाहेर गेले. चहा पाठवून दिला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

उत्तर नाही. अकरा वेळा बघितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आलं. दोन ओळी.

“इनमें से चालीस मैं खुद चुनकर देखूँगी। शनिवार को आ रही हूँ।”

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज नीट लिहायचं आहे.

९:४५ ला आल्या. मला वाटलं होतं मागे दोन माणसं, लॅपटॉप, गाडी. एकट्या, पाठीला बॅग, स्टेशनावरून ऑटोनं. पन्नाशीच्या आत. सक्सेना जी हार घेऊन उभे. मॅडमनी तो हातात घेतला आणि काउंटरवर ठेवला, वजनाच्या काट्यावर. काटा सहाशे ग्रॅमवर गेला.

पहिलं काम — पोत्यांतून स्वतः चाळीस चलानं काढली. वरची नाहीत, हात आत घालून. एकेक कोष्टकाशी लावून बघितली. मग त्यावरच्या नंबरांवर फोन! “भैया, पिछले फागुन में आपने एक बेयरिंग ली थी...” लोकांना आठवत होतं. पंप बंद पडलेला दिवस कोण विसरतो? एकोणचाळीस जुळली. चाळिसावं मोठ गावचं. कोष्टकात ११:१५, कागदावर ११:४५. प्रमोदिनीचा घसा बसला त्या दिवसाचं असणार. मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. मॅडम म्हणाल्या, “चालीस में एक। ठीक है, अब भरोसा हुआ। चालीस के चालीस होते तो नहीं होता।”

हे माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला.

बारापासून काउंटरशी उभ्या. हातात फोन, त्यात घड्याळ चालू. कुशवाहा आले, नेहमीसारखे ओरडत — परची दै दो!

मॅडमनी विचारलं, “और अगर मैं आज ही बिल दूँ तो?”

कुशवाहांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. कोण आहेत ते त्यांना ठाऊक नाही, त्यांच्या लेखी बिन्नू, म्हणजे ताई. “बिन्नू, बिल दैहो तो हम सब माल इतईं धर जैहें।”

“पर ले तो जा ही रहे हैं!”

“लै जा रए, मोल नईं लै रए। मोल तो सोमवार खों।”

“शनि महाराज को पता नहीं चलता?”

“काय से चलहै? परची उनके इतै जातई नइयां!”

मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की पॅकिंगमधून यमुनाबाई बाहेर डोकावल्या. “हमारे यहाँ भी नहीं आती थी,” म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. मी काट्यावरचा हार बघत होतो.

दोनपर्यंत ५१ चलानं. पडद्यावर ०. त्यांनी काउंटरवरची गर्दी आणि मागचा पडदा एका फोटोत घेतला. “ये फोटो मैं चेयरमैन साहब को दिखाऊँगी। नीचे कुछ लिखना नहीं पड़ेगा।”

मग माझ्या टेबलाशी बसल्या. कालव्याचं कोष्टक उघडं होतं — होतं म्हणजे मीच ठेवलं होतं उघडं. लपवण्यासारखं काय त्यात?

“ये नौ दिन किसने निकाला?”

“मैंने।”

“कैसे?”

सांगितलं. पाणी सुटल्याच्या तारखा पाटकऱ्यांकडून, मागणीच्या तारखा रजिस्टरमधून, सात वर्षं, हातानं. आधी दहा आला होता. मग कळलं की टोकाच्या गावांना पाणी तीन दिवस उशिरा मिळतं, ती वेगळी काढली, नऊ आला. चाळीस मिनिटं बघत होत्या. चहा थंड झाला त्यांचा.

“हमारे मॉडल में बारिश है, तापमान है, मंडी का भाव है। साठ लोग बैठे हैं। नहर किसी ने नहीं डाली।”

साठ लोक! वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलंय. हे वाक्य माझं सर्टिफिकेट.

उठताना विचारलं, “सत्रह का जवाब ‘नहीं’ क्यों लिखा था?”

उत्तर तयार होतं, चार ओळींचं. ते सोडून तोंडातून निघालं, “मैडम, टेबल सुंदर दिखे इसलिए।”

त्या बॅगेची चेन लावत होत्या. “मैंने भी किया है,” म्हणाल्या. किती वेळा, कुठे — काही नाही.

आणि ऑटोत बसताना, “लघाटे जी, आपके बाद ये सब कौन चलाएगा?”

ऑटो निघाली.

२ डिसेंबर, मंगळवार

आज सकाळी पत्रक निघालं. बत्तीस डेपोंनी प्रश्न १७ पुन्हा भरायचा. संध्याकाळपर्यंत नऊ डेपोंचं ‘नाही’ बदलून ‘हो’ झालं! कुठे अमावस्येला बिल फाडत नाहीत, कुठे पितृपक्षात, कुठे मालक गावाला असला म्हणजे. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी टेबल सुंदर ठेवलं होतं.

नवीन पत्रकात एक ओळ — ‘बिलाच्या तारखेऐवजी माल हातात पडल्याची वेळ धरावी, नमुना झाँसी डेपोप्रमाणे’. आमच्या चलानाचा फोटो जोडलाय. माझं अक्षर अकरा राज्यांत गेलं. ऑइलच्या डागासकट!

आमच्या डेपोचं काय, त्यावर एक शब्द नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

सक्सेना जी रोज विचारतात, कुछ आया? जणू मॅडम मला चिठ्ठी पाठवणार आहेत. म्हणतात, कानपूरवाल्यांनी आमच्यासाठी फळ्या लावायला सुतार बोलावला.

मी जेवायच्या पाळ्या लावून दिल्या. काउंटर आता दीड ते दोन उघडा. सरासरी सहा तास छप्पन्न मिनिटं.

७ डिसेंबर, रविवार

इराला त्या साठ लोकांचं सांगितलं. ती तिच्या मैत्रिणीला सांगत होती मागे, हिंदीत, “मेरे बाबा ने नहर डाली है मॉडल में।” तिला वाटलं फोन बंद झालाय.

मी ठेवला नाही लगेच.

९ डिसेंबर, मंगळवार

आभा मॅडमचा फोन. ११:१८ ते ११:४०.

आज जास्त लिहीत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

प्रमोदिनी — “बरं नाही का? दोन दिवस कोणाचीच चूक काढली नाहीत.”

म्हटलं, पित्त झालंय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

४:१० ला आदेश आला. सक्सेना जींनी उभं राहून वाचला. झाँसी डेपो आहे तसा चालू राहील, तेवीस जागांसह, ३१ मार्च २०२७ पर्यंत. तेव्हा पुन्हा आढावा. जबाबदार व्यक्ती — मार्तंड गोपाळराव लघाटे. मॅनेजरऐवजी माझं नाव! पूर्ण, वडिलांच्या नावासकट, एकही अक्षर न चुकता.

आरडाओरडा झाला. सक्सेना जींनी सीपरीहून पाच किलो लाडू मागवले. यमुनाबाई माझ्या टेबलावरची धूळ पदरानं पुसून गेल्या. कुशवाहांचा फोन — “हओ भैया, अब सनीचर पक्को?” पक्कं म्हटलं.

“मैडम का दिल बड़ा है,” सक्सेना जी सगळ्यांना सांगत होते. “और लघाटे जी की परचियाँ! दो हज़ार परचियों ने डेपो बचा लिया!”

२,१४७. पण आजही दुरुस्त केलं नाही.

दोन लाडू खाल्ले. बरे होते, वेलची कमी.

१३ डिसेंबर, शनिवार

परच्यांनी वाचला नाही. मंगळवारी मॅडमनी फोनवर सांगितलं — तुम्ही गुरुग्रामला या, कालवे, सहालग, सगळं बत्तीस डेपोंसाठी बसवा. आणि झाँसी कानपूरला जोडू. तुमच्याशिवाय तो डेपो माझ्या आकड्यांत उभा राहत नाही. मी विचारलं, आणि मी इथेच राहिलो तर? म्हणाल्या, “तो डेपो रहेगा।”

११:४० ला नाही म्हटलं. प्रमोदिनीला माहीत नाही, इराला नाही, डेपोत कोणालाही नाही.

पद — प्रमुख, क्षेत्रीय माहिती विभाग. राहायला तीन खोल्यांचा फ्लॅट. वर्षाला चव्वेचाळीस लाख रुपये.